पोचे पडलेलं ताट

ती दुपार मला आजही जशीच्या तशी आठवते, आणि खोटं कशाला बोलू, आठवली की छाती थोडी फुगते. तीस वर्षांहून जास्त नोकरी केली. दरोडे पाहिले, खून पाहिले, वारंगा फाट्यावर ट्रक अडवून चोरीचा माल पकडला आणि त्याचे फोटोही पेपरात आले. पण निवृत्तीच्या समारंभात मला विचारलं की कशाचा अभिमान वाटतो, तेव्हा मी एका स्टीलच्या ताटाची गोष्ट सांगायला उभा राहिलो. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारा भरकटला, असं त्यांना वाटलं असणार.

नावं सांगणार नाही. गाव सेनगाव तालुक्यातलं, पुसेगावच्या पलीकडचं, एवढं पुरे. मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि ठाण्याचा प्रभारी होतो.

सोमवारी सकाळी एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. वय तिशीच्या आसपास, धुतलेला पांढरा सदरा, कपाळाला गंध. चपला त्यांनी माझ्या दाराबाहेर काढल्या. माणसाची पारख करण्याच्या माझ्या काही खास युक्त्या होत्या आणि त्यांचा मला भलताच गर्व होता. त्यातली एक म्हणजे चपला. खरा अर्जदार चपला बाहेर काढतो आणि बनेल माणूस धाडधाड आत येतो, असा माझा सिद्धांत होता. नव्या पोरांना मी तो चहा पिता पिता शिकवायचो. त्यामुळे गृहस्थ खुर्चीवर बसायच्या आधीच मी त्यांच्या बाजूला झुकलो होतो.

अर्ज सुवाच्य होता, तीन प्रतींत. पत्नी तीन वर्षांच्या मुलीस जाणूनबुजून उपाशी ठेवते, मुलीच्या जिवास धोका आहे, तरी पत्नीवर कारवाई करून मुलगी आपल्या ताब्यात मिळावी. सोबत सरकारी दवाखान्याचा कागद होता. त्यावर मुलगी तीव्र कुपोषित असल्याचं लिहिलेलं. फोटोही होता. दंड माझ्या अंगठ्याएवढे, डोळे मात्र मोठे.

"साहेब, घरात ज्वारी हाय, गहू हाय, दोन म्हशी दुभत्या हायत," गृहस्थ म्हणाले. "खाणाऱ्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई. तरी लेकरू वाळून राहिलं. आता आईच अशी निघाली तर बापानं काय करावं, तुमीच सांगा."

बीट जमादाराला गावात पाठवलं. त्याचा अहवाल संध्याकाळी आला. नवरा निर्व्यसनी, सुपारीचं खांडही न खाणारा. घर खातंपितं. बायको अबोल, कुणात मिसळत नाही. सासूचा जबाब त्यानं लिहूनच आणला होता : "सून घास भरवते अन् लेकरू थुकून टाकते. तिच्या हातालाच चव न्हाई." शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं, की लेकरू आईच्या हातचं खातच नाही.

मला सगळं बरोबर जुळल्यासारखं वाटलं. मुलीला तात्पुरतं वडिलांच्या स्वाधीन करावं, अशा शिफारशीचं पत्र मी बालकल्याण समितीला टाइप करून ठेवलं. आईला मुलीसह दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात बोलावलं. तिचा जबाब झाला की पत्रावर सही करायची, एवढंच बाकी होतं. मी सही केली असती तर ते लेकरू त्याच घरात राहिलं असतं आणि आई घराबाहेर गेली असती. लेकरू किती दिवस जगलं असतं, याचा विचार आजही मी टाळतो.

दुसऱ्या दिवशी आईच्या आधी अंगणवाडीच्या बाई आल्या. काखेत एक भलं मोठं रजिस्टर होतं. त्यांच्या चपला पायातच होत्या, कारण घाईत काढायचं राहून गेलं होतं. माझा सिद्धांत तिथंच लंगडा पडला, पण ते मला नंतर कळलं.

"साहेब, तुमी त्या लेकराला बापाकडं देऊन राहिले म्हणं?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"बाई, हा चौकशीचा भाग आहे," मी म्हणालो.

"मग माझी बी चौकशी करा." त्यांनी रजिस्टर माझ्या फायलींवर उघडून ठेवलं. "ह्ये त्या पोरीचं वजन. ह्या म्हैन्यात चढलं. ह्या म्हैन्यात आई वजनालाच आली न्हाई. पुढल्या म्हैन्यात बघा, उतरलं. परत चढलं, परत आई आली न्हाई, परत उतरलं."

मी पाहिलं. आकड्यांच्या ओळीत मधेमधे रिकामी घरं होती आणि प्रत्येक रिकाम्या घरानंतर वजन घसरलेलं होतं. रिकाम्या घरासमोर शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता : पडली.

"हे पडली म्हणजे काय?"

"मी घरी जाऊन इचारते ना, काहून आली न्हाई म्हणून. ती म्हणते, पडले बाई अंगणात. मी तसंच लिहिते. पाच येळा लिहिलं. साहेब, त्यांचं अंगण फरशीचं हाय, सपाट. सपाट जागी माणूस किती येळा पडंल?"

बाईंनी पान उलटलं.

"अन् ह्ये बघा. लेकरू दवाखान्यात भरती होतं, पंधरा दिस. संगं आईच होती, दुसरं कुणी न्हाई. तिथं वजन वाढलं. तीच आई, तेच हात. तिथं उपाशी ठेवायला काय झालं होतं तिला?"

इतकी वर्षं नोकरी करून जो प्रश्न मला पडायला हवा होता, तो त्या बाईंनी एका दमात विचारला. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. खरं म्हणजे मलाच बसून राहावंसं वाटत होतं.

आई आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. वय चोवीस-पंचवीस, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मुलगी कडेवर. खुर्ची दिली तरी ती भिंतीला टेकून खालीच बसली. मी विचारलं, "मुलीला खायला घालता का?" ती म्हणाली, "घालते." विचारलं, "मग ती का खात नाही?" ती फरशीकडे बघत राहिली. विचारलं, "घरी काही त्रास?" ती म्हणाली, "न्हाई साहेब. माझं काही म्हणणं न्हाई."

माझं काही म्हणणं नाही, हे वाक्य मी जबाबांत शेकडो वेळा लिहून घेतलं आहे. लिहून घ्यायला फार सोपं असतं.

आमच्या महिला हवालदार होत्या. वऱ्हाडाकडच्या, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. त्यांनी मला नजरेनंच थांबवलं आणि म्हणाल्या, "साहेब, जबाब राहू द्या थोडा. लेकराच्या जेवणाची वेळ झाली आहे." स्वतःचा डबा उघडून त्यांनी वरणभात कालवला आणि ठाण्यातल्या स्टीलच्या ताटात घालून मुलीपुढे ठेवला. पहिला घास त्यांनीच भरवला. मुलीनं तो घेतला. चावूही लागली.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर ठाणे अंमलदारानं आपलं ताट आपटून ठेवलं. मुद्दाम नव्हे, त्याची सवयच तशी. खण्णकन आवाज झाला.

त्या पोरीनं तोंडातला घास थुकला. ती रडली नाही, लपली नाही, स्वतःचे डोळेही झाकले नाहीत. ती उठली, आईजवळ गेली आणि आपले दोन्ही हात आईच्या डोक्यावर ठेवले. खाली बसलेल्या आईच्या डोक्यापर्यंत तिचे हात जेमतेम पोचत होते.

ठाण्यात तेव्हा आम्ही सहाजण होतो. सगळ्यांनी ते पाहिलं. ठाणे अंमलदारानं ताट हळूच उचललं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

महिला हवालदारांनी तेवढ्यात एक गोष्ट केली, ज्यासाठी मी त्यांच्या सेवापुस्तकात चांगला शेरा लिहिला. त्यांनी ताट उचलून बाजूला ठेवलं आणि भात स्वतःच्या तळहातावर घेतला. मुलीनं आधी आईकडे पाहिलं, मग दाराकडे, मग तळहाताकडे. आणि खाल्लं. एक मूठ खाल्ली, दुसरी खाल्ली. ज्या लेकराला आम्ही आईच्या हातचं न खाणारं म्हणत होतो, ते डबा रिकामा करायला निघालं होतं.

तेव्हा आईचा बांध फुटला. ती महिला हवालदारांशीच बोलली, माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"ते जेवायला येतात ना ताई, तवा लेकरू बी भुकेलं असतं. मी माझ्या ताटातून तिला घास देते. मग ते म्हणतात, आधी मी का आधी ती? अन् माझ्या पुढचं ताट उचलतात." तिनं मुलीच्या ओठाला लागलेला भात पदरानं पुसला. "आता लेकराला वाटतं, तिनं घास घेतला की आईला मार पडतो. म्हणून ती तोंडच उघडत न्हाई. मी लई समजावते, खा माय. ती माझ्या डोक्यावर हात ठेवते."

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. मार पडला की तिचा हात चार-चार दिवस वर होत नसे, मग भरवणार कोण? तोंडावर वळ असला की ती अंगणवाडीत वजनाला जात नसे आणि लेकराचा शिधाही राहून जाई. मूल अंगावर पीत होतं तेव्हा धसक्यानं तिचं दूधच आटलं होतं. मारायचा एक, मार खायची दुसरी, आणि वाळत होतं तिसरंच. एवढी वर्षं मी मारहाणीचे गुन्हे तपासले, पण जखमींच्या यादीत लेकराचं नाव मी कधी लिहिलं नव्हतं.

डॉक्टरांच्या नावे मेडिकल यादी देऊन तिला तपासणीला पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं : मुका मार, काही जुना, काही ताजा. पाठीवर आणि दंडावर विळ्याच्या पात्यासारखे वाकडे वळ. टाइप केलेलं पत्र मी फाडलं.

मग पंच घेऊन आम्ही घर गाठलं. घर खरोखर नीटनेटकं होतं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ताटं उभी लावलेली, लखलखीत. आपल्याकडे ताटांच्या मागे नाव घालायची पद्धत आहे. कुणी दिलं, कुणाला दिलं, सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं. मी एकेक ताट काढून मागे बघू लागलो. नऊ ताटांवर घरच्या माणसांची नावं होती. ती नऊही सरळ, एकालाही ओरखडा नव्हता. खालच्या फळीवर आणखी पाच होती. त्यांच्या मागे लिहिलं होतं : मामाकडून भेट. त्या पाचही ताटांच्या कडांना पोचे होते. फरशीवर ठेवलं की प्रत्येक डुगडुगत होतं.

एका म्हाताऱ्या पंचानं त्यातलं एक उचललं आणि नाव वाचलं. "ह्ये तर सुनेच्या आंदणातले," तो म्हणाला, आणि ताट खाली ठेवून बाहेरच्या ओसरीकडे बघत राहिला.

पाचांतलं सगळ्यांत वाकडं ताट मी मुद्देमाल म्हणून जप्त केलं. नमुन्यासाठी घरचं एक सरळ ताटही घेतलं. जमादार मला म्हणाला, "साहेब, ताटाचा मुद्देमाल पहिल्यांदाच लिहून राहिलो."

गृहस्थांना चौकशीला बोलावलं. त्यांनी पुन्हा चपला बाहेर काढल्या. या वेळी मला त्या चपलांचा राग आला. मी आवाज चढवला नाही, हातही उगारला नाही. दोन्ही ताटं टेबलावर ठेवली, एक सरळ, एक वाकडं.

थोडा वेळ नाही-नाही झालं. मग ते मवाळ झाले. "राग येतो साहेब, मानतो मी. डोळ्यांपुढं अंधारी येते. हाताला काय लागलं, भान राहत न्हाई. माणूस हाय."

"जेवताना तुमच्यापुढं कोणतं ताट असतं?" मी विचारलं.

"आमच्या घरचं."

"आणि तिच्यापुढं?"

"तिचं, मामाचं."

"तुमचं ताट तुमच्या मांडीशी असतं. तिचं हातभर लांब. अंधारी येते म्हणता, मग प्रत्येक वेळी हात लांबचं ताट कसं शोधतो? मागचं नाव वाचूनच मारता की काय?"

गृहस्थ विचारात पडले. खरंच विचारात पडले. मग अगदी साध्या सुरात, मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं म्हणाले, "आमच्या ताटाला पोचा पडला असता ना, साहेब."

पोलिसापुढचं हे बोलणं कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. पण तपास कुठल्या वाटेनं न्यायचा ते त्या एका वाक्यानं दाखवलं. रागाच्या भरात झालं, हा बचाव मी माझ्या नोकरीत पुष्कळदा मनातल्या मनात मान्य केला होता. त्या दिवसानंतर कधीच केला नाही.

आता माझ्या चुकीचं. फाइल तयार करताना महिला हवालदारांनी जुन्या ठाणे दैनंदिन्या काढल्या. सव्वा वर्षापूर्वी हीच बाई अंगावरचं मूल घेऊन वडिलांसोबत आमच्या ठाण्यात आली होती. नोंद होती : घरगुती बाब, उभयतांना समज देऊन परत पाठवले. खाली सही माझी. हवालदारांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं. ते पान दोषारोपपत्राला जोडलं नसतं तर कुणी विचारलं नसतं. मी जोडलं. वरिष्ठांचा फोन आला, "स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता?" मी म्हणालो, "साहेब, मार पहिल्यापासून चालू होता याचा पुरावा आहे तो." माझ्या नोकरीतलं सगळ्यांत ताठ वाक्य ते हेच.

बायकोच्या छळाचं चारशे अठ्ठ्याण्णव-अ आणि मारहाणीची कलमं लावून गुन्हा नोंदवला. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज झाला. कोर्टानं मुलगी आईकडेच ठेवली. मायलेकी कनेरगाव नाक्याजवळ माहेरी गेल्या, आंदणातली उरलेली चार ताटं घेऊन. खटला चालायचा तसा रेंगाळत चालला. गावातले दोन साक्षीदार फुटले. अंगणवाडीच्या बाई फुटल्या नाहीत. वकिलानं त्यांना विचारलं, "तुम्ही मारहाण डोळ्यांनी पाहिली का?" बाई म्हणाल्या, "न्हाई. मी वजन पाहिलं." शेवटी शिक्षा झाली.

पण त्याच्या कितीतरी आधी, गुन्हा दाखल झाल्यावर दोनेक महिन्यांनी, ठाण्यातला फोन वाजला होता. बाईंनी माहेरच्या अंगणवाडीकडून वजन मागवलं होतं. पलीकडून त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की फोन माझ्या कानाला असून अख्ख्या ठाण्यानं ऐकलं : "साहेब, काटा वर गेला!" मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, दैनंदिनीत नोंद घे. तो म्हणाला, "काय लिहू साहेब?" मी म्हणालो, "लेकराचं वजन लिही." लेकराचं वजन ठाणे दैनंदिनीत लिहिणारं आमचंच ठाणं पहिलं असावं. ती नोंद नियमात बसते की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर ज्या-ज्या ठाण्यात गेलो तिथं एक पद्धत लावली. नवरा-बायकोच्या भांडणाची तक्रार आली, की जबाबाच्या आधी तीन प्रश्न. घरात लेकरू आहे का? आज काय खाल्लं? अंगणवाडीतलं वजन काय? सुरुवातीला पोरं हसायची. साहेबांना दाईपण सुचलंय, असं पाठीमागे म्हणायची. मग एक-दोन प्रकरणांत त्या प्रश्नांनीच धागा हाती आला आणि हसणं बंद झालं. आई "माझं काही म्हणणं नाही" म्हणते, तेव्हा लेकराच्या वजनाला पुष्कळ काही म्हणायचं असतं. हे मला प्रशिक्षण केंद्रात कुणी शिकवलं नाही. एका अंगणवाडीच्या बाईंनी आणि तीन वर्षांच्या पोरीनं शिकवलं. चपलांचा सिद्धांत मात्र मी कायमचा मोडीत काढला.

निवृत्तीनंतर एकदा वाशीमला लग्नाला जाताना कनेरगाव नाक्यावर उतरलो आणि विचारत-विचारत त्यांच्या घरी गेलो. त्या बाईनं मला ओळखलं. ती आता शाळेत पोषण आहार शिजवते. "जेवल्याबिगर जाऊ देणार न्हाई," म्हणाली. पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून बोलत होती.

आत पिठलं शिजत होतं. आम्ही ओसरीवर बसलो, माझ्यापुढे ताट मांडलेलं होतं. तेवढ्यात शाळेतून मुलगी आली, दोन वेण्या, गुडघा खरचटलेला, गाल भरलेले. तिनं मला ओळखायचं काही कारण नव्हतं. दप्तर फेकलं, मांडणीवरून ताट काढलं आणि फतकल मारून बसली. ताटाची कड वाकडी होती, ते फरशीवर डुगडुगत होतं.

मग तिनं चमचा उचलला आणि त्या ताटावर दणादण वाजवायला सुरुवात केली. "आई! वाढ की लवकर! भूक लागली!"

"ताट वाजवू न्हाई गं पोरी, चांगलं नसतं," तिची आजी आतून ओरडली.

"वाजवू द्या आजी," मी म्हणालो. आणि मी माझंही ताट वाजवलं.